स्वभावाला औषध आहे काय?



"स्वभावाला औषध नाहीं" ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. गंमत अशी, कीं ती बहुधा दुसऱ्याला उद्देशून म्हटलेली असते. सासूबाई सुनेविषयीं आणि सूनबाई सासूबाईंविषयीं, मुख्याध्यापक शिक्षकांविषयीं आणि शिक्षक, अर्थात् दार लोटून घेऊन, मुख्याध्यापकांविषयीं तीच म्हण वापरतात. स्वतःवर पाळी आली म्हणजे मात्र आपला सूर बदलतो. "काय करणार, माझा स्वभावच तसा!" असें आपण म्हणतों. दुसऱ्याच्या बाबतींत जो आरोप, तोच आपल्या बाबतींत बचाव होतो. हा स्वभाव म्हणून जो कांहीं पदार्थ आहे तो ओळखावा कसा, आणि त्याच्या गुणदोषांचा हिशेब कसा मांडावा, याविषयीं आज आपल्याशीं थोडें बोलावयाचें आहे.

हा विषय हल्लीं मोठ्या मागणीचा झाला आहे. मोबाईलवर पन्नास-साठ प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, कीं दहा मिनिटांत चार अक्षरांचें एक बिरुद आपल्या हातीं पडतें. कित्येक कचेऱ्यांतून नव्या माणसांस असल्या प्रश्नावल्या भरावयास देतात. कोणी तर मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यांवरून बुद्धि आणि स्वभाव सांगण्याचा धंदा मांडून बसले आहेत. त्या ठशांच्या प्रकाराला शास्त्राचा कांहींएक आधार नाहीं, एवढें सांगून मी तो येथेंच सोडून देतों. हें सारें निव्वळ करमणुकीचें असतें तर त्यावर बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु सोळा वर्षांच्या मुलीला "तूं अंतर्मुख आहेस, वकिली तुझें क्षेत्र नव्हे" असें कोणी सांगितलें आणि तिनें तें मनावर घेतलें, तर त्या एका वाक्यानें तिच्या आयुष्यांतील एक दार बंद होतें. तें दार मुळांतच बंद होतें, कीं कोणी उगाच ओढून घेतलें, हें पाहणें म्हणून अगत्याचें आहे.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस नवी नव्हे. आपल्या आयुर्वेदानें वात, पित्त आणि कफ या तीन दोषांवरून प्रकृति सांगितल्या. एकेका दोषाच्या तीन, दोहोंदोहोंच्या तीन आणि तिन्ही सम असलेली एक, अशा मिळून सात. पश्चिमेकडे ग्रीक वैद्यांनीं शरीरांत चार रस कल्पिले होते. दुसऱ्या शतकांतील गेलेन हा वैद्य आणि त्याचे अनुयायी यांनीं त्या रसांवर चार स्वभाव बसविले. रक्त अधिक तो आनंदी, पिवळें पित्त अधिक तो तापट, काळें पित्त अधिक तो उदास आणि कफ अधिक तो थंड. रसांची ती उपपत्ति पुढें मागें पडली, पण प्रकारांची आवड कांहीं सुटली नाहीं.

आपल्याकडील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. 'तो तामसी', 'ती सात्त्विक' असें आपण सहज बोलून जातों. गीतेच्या चौदाव्या अध्यायांत सत्त्व, रज आणि तम हे गुण एकमेकांस दाबून आलटून पालटून वर येतात असें सांगितलें आहे. म्हणजे ते माणसांच्या तीन जाती होत नाहींत, एकाच माणसांतील तीन ओढी होतात. हा भेद वाटतो तितका लहान नाहीं, हें पुढें दिसून येईल.

आधुनिक काळांत या विचाराला नवें वळण दिलें तें स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल सांगितले आहेत. ज्याची उमेद बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे धांवते तो बहिर्मुख, ज्याची आंतल्या विचारांकडे वळते तो अंतर्मुख. अंतर्मुख म्हणजे लाजाळू, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे, ती चुकीची आहे. लाजाळू माणसाला चारचौघांत जावेंसें वाटतें, पण भीति वाटते. अंतर्मुख माणसाला भीति वाटतेच असें नाहीं, त्याला चारचौघांची तितकी गरज वाटत नाहीं, इतकेंच. युंग यांनीं या दोन कलांना विचार, भावना, संवेदन आणि अंतःस्फूर्ति या चार व्यापारांची जोड दिली. त्यावरूनच पुढें अमेरिकेंतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनीं सोळा प्रकारांची प्रश्नावली तयार केली. या मायलेकींपैकीं कोणीहि मानसशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पुष्कळ स्त्रिया प्रथमच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागल्या. त्यांना आपापल्या वळणाचें काम मिळावें, हा त्यांतील हेतु होता. मोबाईलवरचीं चार अक्षरें येतात तीं याच प्रश्नावलीच्या वंशांतून.

त्या बाईंच्या हेतूविषयीं माझ्या मनांत आदरच आहे. कोणताहि प्रकार हीन नाहीं, प्रत्येकाचें कांहींतरी चांगलें आहे, हें त्यांचें सांगणें सभ्यपणाचें होतें. अडचण आहे ती मोजण्याच्या रीतींत. कल्पना करा, कीं पुण्यांतील सगळ्या पुरुषांना आपण भिंतीशीं उभें केलें आणि साडेपांच फुटांवर एक खडूची रेघ ओढली. रेघेच्या वर ज्याचें डोकें तो 'उंच', खालीं ज्याचें तो 'ठेंगणा'. आतां पाव इंच वर असलेला आणि पाव इंच खालीं असलेला असे दोघे गृहस्थ एकमेकांचा कोट खुशाल घालूं शकतील, पण त्यांचीं नांवें मात्र परस्परविरुद्ध! उलट तो पाव इंचवाला आणि सहा फुटी पहिलवान हे दोघे एकाच नांवाचे. शिवाय माणूस सकाळीं संध्याकाळपेक्षां किंचित् उंच भरतो. तेव्हां रेघेजवळचा मनुष्य सकाळीं 'उंच' तर सायंकाळीं 'ठेंगणा' ठरणार. स्वभावाचें अगदीं असेंच आहे. बहुतेक माणसें मध्याच्या आसपास असतात, टोंकाचीं थोडीं. म्हणूनच तीच प्रश्नावली कांहीं आठवड्यांनीं पुन्हा भरली, तर कितीतरी लोकांचें एखादें अक्षर बदलून येतें. माणूस बदललेला नसतो, तो रेघेजवळ उभा असतो.

"पण माझें वर्णन तर हुबेहूब जुळलें!" असें आपणांपैकीं कोणी म्हणेल. या हुबेहूबपणाची एक कथा आहे. १९४८ सालीं बर्ट्रम फोरर नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्या वर्गांतील ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचें म्हणून एक वर्णन दिलें. तें कितपत जुळतें याला पांचपैकीं गुण द्यावयाचे होते. सरासरी आली ४.२६. मग फोरर यांनीं उघड केलें, कीं सर्वांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यांतील वाक्यें रस्त्यावरच्या दुकानांत मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतलेलीं होतीं! लोकांनीं आपल्याला चांगलें म्हणावें असें तुम्हांला वाटतें, तुमच्या अंगीं अजून न वापरलेली पुष्कळ शक्ति आहे, बाहेरून तुम्ही स्थिर दिसलां तरी आंतून काळजी करतां, अशा धर्तीचीं तीं वाक्यें होतीं. हीं कोणाला लागू पडणार नाहींत? टांग्याच्या घोड्याला ऐकविलीं तरी तो मान डोलावील.

याच्या उलट दासबोधाचा दुसरा दशक पाहा. पहिल्या समासांत मूर्खाचीं लक्षणें आणि दुसऱ्यांत उत्तम लक्षणें आहेत. पहिला वाचतांना आपल्याला शेजारी आठवतो आणि दुसरा वाचतांना आरसा, हा आपला दोष झाला. समर्थांनीं मात्र तेथें मोघम कांहीं ठेवलेलें नाहीं. माणूस काय करतो, कोणाशीं कसा वागतो, याच्या ठळक खुणा एकामागून एक दिल्या आहेत. ज्या वर्णनाला "नाहीं, हें माझ्यांत नाहीं" असें म्हणतां येतें, तेंच वर्णन कांहीं कामाचें असतें.

आणखी एक प्रयोग मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेंत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनीं हजारों शाळकरी मुलांना फसवणूक करण्याची संधि निरनिराळ्या प्रसंगीं मिळेल अशी योजना करून पाहिलें. त्यांचा ग्रंथ १९२८ सालीं निघाला. मुलांचे प्रामाणिक आणि लबाड असे दोन स्वच्छ गट पडतील अशी कोणाचीहि अपेक्षा असेल, पण तसें झालें नाहीं. एका प्रसंगीं फसविणारा मुलगा दुसऱ्या प्रसंगीं सरळ वागला, आणि उलटहि घडलें. ज्यानें वर्गांत मुलें वागविलीं आहेत त्याला हें नवल वाटणार नाहीं. उत्तरपत्रिकेंत डोकावणारा मुलगा क्रीडांगणावर आपण बाद झालों हें पंचाच्या आधीं कबूल करतो, हें शिक्षकांच्या नेहमींच्या पाहण्यांतलें आहे. म्हणून स्वभाव म्हणजे कांहींच नाहीं, असें मात्र नव्हे. एका प्रसंगावरून माणूस ओळखूं नये, शंभर प्रसंगांची सरासरी पाहिली म्हणजे मग त्याचा कल दिसूं लागतो, इतकाच त्याचा अर्थ.

हे कल किती आहेत, हें शोधण्याची एक मोठी नामी रीत निघाली. लोकांना स्वभावांतील जो भेद महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेंत शब्द मिळतोच, असें धरून गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनीं १९३६ सालीं इंग्रजीचा बृहत्कोश पालथा घातला आणि माणसाच्या वर्णनाचे १७,९५३ शब्द काढले. पुढें अनेकांनीं ते गाळून, एकत्र येणारे शब्द एकत्र बांधून, शेवटीं पांच मोठ्या मोटा केल्या. पहिली बहिर्मुखतेची. दुसरी कर्तव्यदक्षतेची, म्हणजे नेटकेपणा, वक्तशीरपणा, हातीं घेतलेलें तडीस नेणें. तिसरी सौजन्याची, म्हणजे दुसऱ्याशीं जुळवून घेण्याची. चौथी चिंताशीलतेची, म्हणजे मन चटकन् अस्वस्थ होण्याची. पांचवी नावीन्याच्या ओढीची. आजचें शास्त्र बहुतांशीं या पांचांच्या आधारें चालतें. त्यांत 'प्रकार' नाहींत, प्रत्येक माणसांत पांचहि असतात, कोणाचें माप कमी, कोणाचें जास्त. गीतेंतील गुणांची जी गोष्ट मघाशीं सांगितली ती येथें आठवावी.

आपल्या मराठींत असा कोशशोध कोणी करील, तर त्याला मोठें पीक हातीं लागेल. भिडस्त, घुम्या, फटकळ, चेंगट, धांदरट, हळवा, करारी, एककल्ली, आंतल्या गांठीचा, उचल्या बुद्धीचा, किती म्हणून सांगावे! आणि हे शब्द जोडीजोडीनें मांडले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. आपण ज्याला करारी म्हणतों, त्यालाच विरोधक हेकट म्हणतात. मित्र तो काटकसरी, नावडता तो कंजूष. आपला मुलगा उत्साही, शेजाऱ्याचा उतावळा. आपला जांवई स्पष्टवक्ता, व्याह्यांचा जांवई फटकळ. सावध आणि संशयी, शांत आणि थंड, हळवा आणि रडवा, या जोड्यांत वस्तु एकच, नांवें दोन. गुणांची एक यादी आणि दोषांची दुसरी यादी करावयाची, हा जो प्रघात आहे तो मला यासाठींच फसवा वाटतो. दोन्ही याद्यांत तीच माणसें वेष पालटून उभीं असतात.

कर्तव्यदक्षतेचेंच उदाहरण घ्या. १९९१ सालीं मरे बॅरिक आणि मायकेल माऊंट यांनीं पुष्कळ अभ्यास एकत्र करून तपासले. अधिकारी, विक्रेते, पोलीस, कारागीर, कोणताहि व्यवसाय घेतला तरी चांगलें काम करणाऱ्यांत हा गुण आढळून आला. तेव्हां हा निर्भेळ गुण, असें कोणी म्हणेल. परंतु परीक्षेच्या दालनांत मीं वर्षानुवर्षे एक देखावा पाहिला आहे. वर्गांतील सर्वांत नेटका मुलगा पहिला प्रश्न तीनदां तपासतो, समासाची रेघ पुन्हा आंखतो, आणि घंटा होते तेव्हां त्याचे दोन प्रश्न कोरे राहिलेले असतात. त्याच्या शेजारचा धांदरट मुलगा सगळे प्रश्न कसेबसे सोडवून बाहेर पडलेला असतो. गणिताच्या वहींत जो गुण होता तोच वेळेच्या बंधनांत दोष झाला. घरांतहि तेंच. ज्या गृहिणीमुळें महिन्याचा खर्च कधीं ताळ्याबाहेर जात नाहीं, तिलाच लग्नघरांत आदल्या रात्रीं तिसऱ्यांदा ताटांची मोजणी केल्याशिवाय झोंप येत नाहीं, आणि ती इतरांनाहि येऊं देत नाहीं.

सौजन्याचें याहून नाजूक आहे. भिडस्त माणूस सर्वांना हवासा असतो. त्याच्याकडे उसने पैसे मिळतात, त्याच्यावर सोसायटीचें चिटणीसपण लादतां येतें. मात्र स्वतःची पगारवाढ मागावयाची वेळ आली, कीं त्याचा घसा कोरडा पडतो. चिंताशील माणसाची आपण थट्टा करतों, पण गाडीच्या आधीं तासभर स्टेशनावर पोंचणारा, औषधाची मुदत पाहणारा, आजारी मुलाच्या कपाळावर रात्रीं दोनदां हात ठेवणारा तोच असतो. येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. काळजीनें झोंप, जेवण आणि रोजचें काम आठवड्यामागून आठवडे बिघडलें असेल, तर तो स्वभाव म्हणून सोसत बसूं नये. तें डॉक्टरांचें काम आहे, आणि त्याला खरोखरींचें औषध आहे.

मग स्वतःचें माप स्वतः कसें घ्यावें? केवळ डोळे मिटून आत्मपरीक्षण केल्यानें तें सगळें कळत नाहीं. अमेरिकेंतील सिमीन वझीर या संशोधिकेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत माणसाचें स्वतःविषयींचें मत, मित्रांचें मत आणि प्रत्यक्ष चाचणींतील वर्तन यांची तुलना केली. आंतली चिंता आणि हुरहूर ज्याची त्यालाच उत्तम कळते. बोलकेपणा सर्वांनाच सारखा दिसतो. परंतु बुद्धि आणि कल्पकता यांसारख्या ज्या गुणांत मानापमानाचा प्रश्न येतो, त्यांविषयीं मित्रांचा अंदाज आपल्या स्वतःच्या अंदाजापेक्षां अधिक बरोबर ठरला. म्हणून अर्धें काम वहीचें आणि अर्धें दुसऱ्याचें, असें समजावें.

वहींत विशेषणें लिहूं नयेत, प्रसंग लिहावे. 'मी तापट आहें' या वाक्याचा कांहीं उपयोग नाहीं. 'मंगळवारीं जेवणापूर्वीं मुलावर ओरडलों, सकाळपासून कांहीं खाल्लें नव्हतें, बँकेंतून आलों होतों', हें लिहावें. महिनाभर असें लिहिल्यावर कित्येकदां ध्यानांत येतें, कीं आपण सर्वकाळ तापट नाहींच. आपण भुकेले असतांना, किंवा घाईंत असतांना, किंवा एका ठराविक नातेवाइकासमोर तापट आहोंत. दुसऱ्याला विचारतांनाहि "माझा स्वभाव कसा आहे?" असें विचारूं नये. भिडेखातर कोणी खरें सांगणार नाहीं. "कोणत्या वेळीं माझ्याबरोबर काम करणें तुम्हांला अवघड जातें?" असें विचारावें, आणि तें घरांतील एक, कामावरचा एक आणि जुना मित्र एक, अशा तिघांना निरनिराळें विचारावें. उत्तर ऐकतांना मध्यें बोलूं नये. ही शेवटली अट सर्वांत कठीण आहे, निवृत्त शिक्षकांना तर विशेषच.

आतां औषधाचा प्रश्न. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून असें दिसतें, कीं स्वभावांतील भेदांपैकीं सुमारें निम्मा भाग आनुवंशिक असतो. उरलेला तसा नसतो. वय वाढत जातें तसतशी सरासरीनें माणसाची कर्तव्यदक्षता आणि सौजन्य वाढतें, चिंताशीलता कांहींशी कमी होते, हेंहि अनेक अभ्यासांत आढळलें आहे. मुद्दाम प्रयत्नानें काय होतें? २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत विद्यार्थ्यांना आपल्याला हव्या त्या दिशेनें लहान लहान कामें निवडावयास सांगितलें होतें. अनोळखी माणसाला नमस्कार करणें, सामान आदल्या दिवशीं भरून ठेवणें, अशा प्रकारचीं तीं कामें. ज्यांनीं तीं कामें प्रत्यक्ष केलीं त्यांच्यांत थोडा फरक पडला. ज्यांनीं नुसतीं निवडलीं आणि केलीं नाहींत त्यांच्यांत पडला नाहीं. म्हणजे औषध आहे, पण गुण सावकाश येतो, आणि पथ्य पाळावें लागतें.

पुष्कळदां स्वभाव बदलण्यापेक्षां प्रसंगाची मांडणी बदलणें स्वस्त पडतें. उतावळ्या माणसानें रागाचें पत्र रात्रीं लिहावें आणि सकाळीं पाठवावें. बहुतेक पत्रें सकाळीं फाटतात. भिडस्तानें "घरीं विचारून सांगतों" हें एक वाक्य पाठ करून ठेवावें. अति नेटक्या विद्यार्थ्याला मीं प्रत्येक प्रश्नापुढें घड्याळाची वेळ लिहून देत असें, आणि त्याला शेवटचा प्रश्न आधीं सोडवावयास लावीत असें. त्याचा नेटकेपणा तसाच राही, कोरे प्रश्न राहत नसत.

सोळा वर्षांच्या त्या अबोल मुलीकडे पुन्हा येतों. वकिलाला न्यायालयांत उभें राहून बोलावें लागतें हें खरें, पण त्याच्या कितीतरी आधीं त्याला तासन् तास एकट्यानें कागद वाचावे लागतात, आणि तें ज्याला कंटाळवाणें वाटतें त्याचें बोलणें पोकळ होतें. ती या कामाला लायक आहे कीं नाहीं, हें चार अक्षरांनीं ठरणार नाहीं. तिला एखाद्या वादविवादस्पर्धेला उभी करा, एखाद्या उन्हाळ्यांत वकिलांच्या कचेरींत कागद लावावयास पाठवा, आणि दोन्हीकडून परत आल्यावर ती कोठली हकीकत आधीं सांगते, तें ऐका. शाळेच्या प्रगतिपुस्तकांतहि 'मुलगी अबोल आहे' असा शेरा मारण्याऐवजीं 'वर्गांत बोलत नाहीं, पण तीन-चार मैत्रिणींत बसली म्हणजे तीच समजावून सांगते' इतकें लिहिलें, तर पालकांना कांहीं करतां येईल.